आधी शोधा, मग चहा

मोघेकाकांकडे गेलं की चहा लगेच मिळत नाही. दारातच आपल्या हातात मोबाइलएवढं एक यंत्र येतं. त्याच्या जोडीचं यंत्र काकांनी घरात कुठेतरी लपवलेलं असतं. "आधी शोधा, मग चहा," म्हणून ते घड्याळ लावून सोफ्यावर बसतात आणि आपण पीं-पीं आवाजामागे त्यांचं घर पालथं घालायचं. मला ते एकदा कणकेच्या डब्यात सापडलं. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस याच बीकननं शोधतात आणि त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो, हे त्यांच्या घरी चहा प्यायलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

सॉल्ट लेक सिटीत ते आमचे शेजारी. रिटायर्ड इंजिनिअर, मूळचे सांगलीचे. सांगलीला बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. इथे येऊन गृहस्थ स्कीइंग शिकले, काकू गेल्या त्या वर्षी गुडघ्यांनीही दगा दिला म्हणून सोडलं. डोंगराचा पिच्छा मात्र सोडला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये रोज त्यांचा मेसेज असतो: "काल वारा होता. उत्तरेकडचे उतार आज टाळा." ग्रुपमधली निम्मी मंडळी मॉलच्या सरकत्या जिन्याखेरीज कुठला उतार उतरलेली नाहीत.

संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी ताटात साखर पसरली, वर नारळाची अख्खी न कापलेली वडी ठेवली आणि ताट हळूच तिरकं केलं. "खालचा थर असा भुसभुशीत असला की वरचा..." एवढं म्हणेपर्यंत वडी जोशीकाकूंच्या पैठणीवर.

"पण काका, वरून तर घट्ट दिसत होती," मी म्हणाले.

"दिसण्यावर काय जातेस? बर्फ आहे तो, मेव्हणा आहे का भरवसा ठेवायला?"

मी हसले खरी, पण माझी लेक रेवा आणि तिची मैत्रीण मेगन दर शनिवारी अशाच डोंगरात स्कीइंगला जातात. जिथे वर नेणारी लिफ्ट नाही, गस्त नाही, तिथे. मी नको म्हटलं की "आई, रिलॅक्स." त्यामुळे निघायच्या आधी काका दोघींचे बीकन तपासतात, तेवढाच मला आधार. एकदा मी रेवाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात गरम पोळीचा रोल ठेवला, फॉइलमध्ये गुंडाळून. काकांनी तो काढून माझ्या हातात दिला.

"सुजाता, फॉइल बीकनला चिकटून? सिग्नल बिघडतो अगं. पाठीवरच्या बॅगेत टाक."

"तिथे थंड होईल ना."

"पोळी थंड झाली तर चालेल," काका म्हणाले. मी रोल बॅगेत टाकला.

परवाच्या शनिवारी, आठवडाभर बर्फ पडून गेल्यावर, रेवाचा फोन लागेना. काकांचाही लागेना. शेवटी गाडी काढली आणि मुलींची वाट जिथून सुरू होते त्या पार्किंगमध्ये पोचले. तिथे काका त्यांच्या गाडीत कानटोपी घालून, मांडीवर दुर्बीण घेऊन बसलेले.

"तू कशाला आलीस?"

"तुम्ही कशाला आलात?"

"मी दर शनिवारी असतो. इथे रेंज नाही. ठरल्या वेळी त्या उतरल्या नाहीत, तर खाली जाऊन फोन कोणी करायचा?" मग दुर्बीण पुसत म्हणाले, "आणि घरी तरी कोण वाट बघतंय माझी?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं झाडांतून रेवा आली. मी धावत जाऊन तिला धरलं.

"आई, वी आर फाइन. वरून परत फिरलो. मेगन म्हणत होती, जस्ट वन रन. पण स्लोप बरोबर वाटत नव्हता. आणि मला वाटलं, काका खाली बसलेत यार. त्यांना जाऊन काय सांगणार?"

या देशात मी उठता-बसता थँक्यू म्हणते. त्या क्षणी तो शब्द फारच तोकडा वाटला. काका गाडीतून उतरून उभे होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दुर्बीण डोळ्यांना लावून ते झाडांकडे बघत होते.

"थांब जरा," म्हणाले, "मेगन यायचीय अजून."