कोंबडीचे तोंड कोणाकडे

भित्रा माणूस जितकी तयारी करतो, तितकी शूर माणूस सात जन्मांत करत नाही. आणि त्या न्यायाने उभ्या ताइनान शहरात माझ्याइतकी तयारी कोणाचीच नव्हती, हे मी सुरुवातीलाच अभिमानाने नमूद करतो. वर्षअखेरचे जेवण तीन आठवड्यांवर असतानाच मला कळून चुकले होते की कोंबडीची चोच यंदा माझ्याकडे वळणार. ती वळू नये यासाठी माझ्यापाशी चोख योजना होती. योजना फसली नाही. ती जशीच्या तशी पार पडली, आणि अनर्थ झाला तो त्यातूनच.

आमच्याकडे ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. वर्ष संपताना मालक आपल्या माणसांना जेवू घालतो, मेजावर अख्खी उकडलेली कोंबडी येते, आणि तिचे तोंड ज्याच्याकडे असेल त्याने नव्या वर्षात कामावर यायचे नसते. पत्र नाही, नोटीस नाही, रागावणे नाही. हल्लीचे मालक मुंडी आधीच काढून घेतात, किंवा तोंड स्वतःकडे वळवून हसून मोकळे होतात. आमचे क्वो शेठ हल्लीचे नव्हते. एकाहत्तराव्या वर्षीही ते घरच्या सपाता घालून कारखान्यात हिंडत, आणि त्यांच्या मनात काय चालले आहे ते सपातांच्या आवाजावरून ओळखावे लागे. ऑगस्टपासून त्या सपाता माझ्या टेबलापाशी येऊन थांबत, क्षणभर घुटमळत, आणि काही न बोलता पुढे जात.

ऑगस्टचे कारण मला ठाऊक होते. आमचा कारखाना स्क्रूंचा. माल रवाना करण्याचे काम माझे. वादळाच्या आदल्या दुपारी, खिडकीबाहेर आभाळ शिशासारखे उतरत असताना, त्याच्याकडे पाहता पाहता मी ओसाकाच्या गिऱ्हाइकाला उलट्या आट्यांच्या स्क्रूंची चाळीस खोकी पाठवून दिली. जगातला प्रत्येक शहाणा स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो. माझे सुटत होते. चूक तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आली. मी कोणाला सांगितले नाही. ओसाकाहूनही कोणी काही म्हटले नाही. त्या शांततेइतका भयंकर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

तर योजना. जेवण दरवर्षीप्रमाणे देवळामागच्या गल्लीत, यूंग-लाय भोजनालयात होते. आजोबांनी मांडलेली चूल आता नात चालवते, आणि मधल्या पिढीचे म्हातारे शहाऐंशीव्या वर्षीही कोंबडी दुसऱ्या कोणाला उकडू देत नाहीत. तिथल्या फरश्या पावलांनी इतक्या झिजल्या आहेत की आपण कुठे बसणार हे त्यांना आधीच माहीत असावे असे वाटते. आदल्या दुपारी मी तिथे गेलो. नात, म्हणजे साठीच्या बी-युनमावशी, दाराशी बांबूचे कोंब सोलत बसल्या होत्या.

"मावशी, उद्याच्या कोंबडीची मुंडी काढून टाकता येईल का?"

त्यांनी सुरी हातातच धरून माझ्याकडे पाहिले.

"मुंडी काढून? म्हणजे वर्षाला आरंभ नाही न् शेवट नाही. असली अर्धवट कोंबडी या घरातून आजवर बाहेर पडली नाही. बाबा आत आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर उद्या चूल पेटायची नाही."

"मी आपलं सहज विचारलं."

"सहज विचारणाऱ्याला हिवाळ्यात घाम फुटत नाही. काय करून बसलायस?"

"काही नाही."

"पोरीबिरीची भानगड?"

"स्क्रू."

त्यांनी यावर थोडा विचार केला, आणि विचारून उपयोग नाही असे ठरवले.

"शेठ बसतात कुठे?"

"दारासमोर. अगदी आतल्या खुर्चीत."

"मग ताट मी माझ्या हातानं ठेवीन. चोच शेठकडे. कोणाचं काही जायचं नाही. झालं समाधान? बैस आता, वाटीभर सूप घे. कोंबडीच्या आधी तूच उकडलेला दिसतोयस."

मी परतलो तेव्हा गल्लीतले लाल कंदील लागत होते, आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदाच मला ते सुंदर वाटले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही दहाजण गोल मेजाभोवती बसलो. थंड पदार्थांचे ताट आले, खेकड्याचा चिकट भात आला, कोळंबीचे तळलेले रोल आले. मग बी-युनमावशी कोंबडी घेऊन आल्या. मेणासारखी पिवळी, मान ताठ, डोळे मिटलेले. एखाद्या न्यायाधीशाने निकाल सांगण्यापूर्वी मिटावेत तसे. मावशींनी ताट ठेवले, बोटभर सरकवले, आणि चोच नेमकी क्वो शेठच्या छातीवर रोखली. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटले. नऊजणांचे श्वास एकदम सुटले, इतके की भातावरची वाफ वाकली.

आणि पॅकिंगच्या सू-छिंगताईंनी काच फिरवली.

मी योजनेत खुर्च्या धरल्या होत्या, दार धरले होते, शेठची दृष्टी धरली होती. मेजावरची फिरती काच मात्र मी धरली नव्हती. ताईंना कोळंबीचा रोल हवा होता. रोल त्यांच्यापुढे आला आणि चोच माझ्यापुढे.

"वेनकाका," मी शेजारच्या सद्गृहस्थांना म्हणालो, "भात घ्या ना," आणि काच एका बोटाने ढकलली. वेनकाका सत्तावीस वर्षे आमच्या लेथ मशीनवर होते. चोच समोर येताच त्यांच्या ओठांचा रंग उडाला. "ताई, तुम्ही अजून रोल घ्या," ते म्हणाले. ताईंनी रोल घेतला आणि काच जोरात पुढे दिली. पलीकडच्यांना अचानक लोणचे आठवले. त्यांच्या पलीकडच्यांना चहा. आमच्या कारखान्यात इतके अगत्य यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. कोंबडी मेजाभोवती देवळातल्या पालखीसारखी फिरत राहिली. सगळ्यांनी तिला वाट दिली, खाल्ले मात्र कोणीच नाही. तिने किती फेरे घेतले कोण जाणे. एवढे मात्र खरे की शेठच्या समोर ती आली की ढकलायला कोणाचाच हात पुढे होत नसे, त्यामुळे ती तिथेच येऊन विसावे.

तिसऱ्यांदा ती तिथे विसावली तेव्हा शेठ उभे राहिले.

"समजलो," ते म्हणाले. "ताट ठेवलं तेव्हा वाटलं, योगायोग असेल. पण तुम्ही सगळे मिळून फिरवून फिरवून माझ्याकडेच आणताय. लेक केव्हाची म्हणतेय, बाबा, आता पुरे करा. तिचं ऐकायला हवं होतं. तुमच्याकडून ऐकावं लागलं, तेही कोंबडीच्या तोंडून."

"शेठ, भलतंच काय," सू-छिंगताई म्हणाल्या. "मी नुसता रोल घेत होते."

"पाच?"

ताई खाली पाहू लागल्या. शेठनी दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे मान वळवली.

"बी-युन, खरं सांग. ताट असं ठेवायला तुला कोणी सांगितलं?"

"या पोरानं," मावशींनी हनुवटीने मला दाखवले. "काल मुद्दाम येऊन सांगून गेला. काही म्हणू नका त्याला, भारी घाबरलेला होता."

आठ माना माझ्याकडे वळल्या. ज्या चोचीपासून पळत होतो, तिला जणू आठ पिल्ले झाली. स्वतःची नोकरी वाचवायला निघालेल्या मी बत्तीस वर्षे कारखाना चालवणाऱ्या मालकाला त्याच्याच पैशाच्या जेवणात कामावरून काढले होते. माझ्या भित्र्या आयुष्यात मी एकच धीट कृती केली आहे, ती तेव्हा. मी हात लांबवला, काच धरली आणि चोच सावकाश माझ्या स्वतःच्या पोटाकडे आणून थांबवली.

"जायचं ते मी जातो, शेठ," मी म्हणालो. "ओसाकाची चाळीस खोकी. आटे उलटे होते. पाठवणारा मी."

"ते मला ऑगस्टपासून ठाऊक आहे. त्यांचा फोन मलाच आला होता."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. पाच महिने तुझ्या टेबलाभोवती सपाता घासतोय, आ-युआन. तळवे झिजले त्यांचे."

चोच अजून माझ्याकडेच होती. तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा सरला आणि म्हातारे बाबा हातात मोठी कात्री घेऊन बाहेर आले.

"कोंबडी का खाल्ली नाही अजून? गार झाली की," ते म्हणाले, आणि कोणी उत्तर देण्याआधी त्यांनी मुंडी कापून आपल्या वाडग्यात टाकली. "इथल्या सगळ्या मुंड्या शेवटी माझ्याच पोटात जातात. साठ वर्षं झाली. म्हणजे मला किती वेळा काढलं असेल, बघा. तरी उद्या सकाळी चूल मीच पेटवणार." पडदा पुन्हा पडला. आतून चघळण्याचा समाधानी आवाज येऊ लागला.

क्वो शेठनी काच फिरवून ती बिनमुंडीची कोंबडी आपल्यापुढे आणली.

"आता हिला तोंडच नाही, तर काढायचं कोणाला," ते म्हणाले. "सुट्टीनंतर लवकर ये. ती खोकी परत आलीयेत. उलट्या आट्यांचं गिऱ्हाईक तूच शोधायचं." मग खुर्चीत बसता बसता त्यांनी, आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता, अगदी हलक्या आवाजात विचारले, "आणि मी? मी येऊ ना?"

"या की, शेठ," वेनकाका म्हणाले, आणि कोंबडीची तंगडी तोडून त्यांच्या वाटीत ठेवली.

खोक्यांपैकी सव्वीस अजून माझ्या टेबलाशेजारी रचलेली आहेत. शेठच्या पायात नव्या सपाता आल्या आहेत. त्या माझ्यापाशी आता मुळीच थांबत नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्याचीही मला थोडी धास्ती वाटते. भोजनालयाला मात्र शेठनी आतापासूनच कळवून ठेवले आहे की पुढच्या वर्षअखेरीला कोंबडी नको, अख्खा वाफवलेला मासा द्या. सगळ्यांना ही कल्पना फार आवडली. माशालाही तोंड असते, हे माझ्याखेरीज अजून कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.