बन्सीची हरकत नाही

सोनौलीच्या सीमेवर, नेपाळच्या बाजूच्या खिडकीत बसलेल्या साहेबाने गाडीचे कागद पाहिले आणि विचारलं, हा बन्सी कोण?

"वडील," अंगद म्हणाला.

इतकंच म्हणाला. बजाजनगरहून निघताना प्रणयने त्याला बजावलं होतं, की बॉर्डरवर विचारतील तेवढंच सांगायचं. एकदा नेपाळला जाऊन आल्यामुळे कंपनीत प्रणयचा शब्द प्रमाण होता. त्याच्या सांगण्यावरून अंगदने सगळे पैसे शंभराच्या नोटांत करून घेतले होते. थोडे मोज्यात, थोडे टूलकिटमध्ये, थोडे बनियनच्या खिशात. कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स होत्या. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि बन्सी वारून चार महिने झाले होते. पशुपतिनाथाला याच गाडीवर जायचं असं ते वर्षानुवर्षं म्हणत आणि पैठणहून परत येत.

साहेब भला माणूस. मालकाचं संमतीपत्र हवं, फोनवर फोटो आला तरी चालेल, म्हणाला. खरं सांगायची हीच वेळ होती. पण खरं सांगितलं तर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद; ते सगळं घरी कपाटात. अंगदने बाजूला जाऊन आईला फोन लावला.

साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तू सांगितलं नाय त्यांला?"

"नाय."

"मग थांब, मीच लिहिते."

प्रेस मशीनमध्ये बन्सीची दोन बोटं गेली, तेव्हापासून त्यांच्या सह्या साळूबाईच करत. दहा मिनिटांत पत्र आलं. अंगद गाडी नेतो आहे, माझी हरकत नाही, त्याने सावकाश चालवावी. खाली बन्सीची सही, हुबेहूब.

साहेबाने पत्र वाचलं, शिक्का उचलला आणि सहज म्हणाला, वडिलांशी दोन शब्द बोलू द्या. अंगदने पुन्हा आईला फोन लावला आणि साहेबाच्या हाती दिला. साळूबाईंना ते मेले म्हणता येईना आणि झोपलेत म्हणवेना.

"साब, वो अब बात नहीं करते," त्या म्हणाल्या. "चार महिने हो गये."

"बेटे से?"

"किसी से भी नहीं."

साहेबाने शिक्का खाली ठेवला. बापाला इतकं दुखावून देवाला निघालास, तो म्हणाला. आधी घरी जा, त्यांची समजूत काढ, मग त्यांनाच मागे बसवून घेऊन ये. मी स्वतः कागद करून देतो.

आता खरं सांगावं, तर खोट्या सहीचा गुन्हा. अंगदने हात जोडले आणि गाडी वळवली.

अलीकडच्या टपरीवर त्याने चहा सांगितला, तोच आईचा फोन. "काय म्हणला साहेब?"

"आबांची समजूत काढून त्यांना संगं आण, म्हणला."

पलीकडे साळूबाई हसल्या. चार महिन्यांत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या हसत राहिल्या, आणि हसता हसता मोठ्यानं रडू लागल्या. चहा निवत होता. अंगदने फोन कानाला तसाच धरून ठेवला.