फराशिसाच्या आडाचे संरक्षण

परक्या माणसाने पुढे येऊन टोपी काढीपर्यंत कोणतीही वस्तू जुनी होत नाही. तोवर ती नुसती पडीक असते. आमच्या धानोरवाडीतला फराशिसाचा आड असाच दीडशे वर्षे पडीक होता. शिंद्यांच्या तोफखान्यातला कोणी फराशीस, म्हणजे फ्रेंच, साहेब नोकरी सुटल्यावर इथे राहिला, त्याने आड खोदला आणि त्याचेच पाणी पिऊन वारला. (पाण्याचा दोष नव्हे, वय झाले होते.) साहेबाची जात कळेना, म्हणून गावाने त्या पाण्याला तोंड लावले नाही. गावविहिरीवर ज्यांना चढू देत नसत, ते मात्र निमूट प्याले. पुढे ती घरे ख्रिस्ती झाली. गावविहीर होती तशीच राहिली.

सन १९४६ च्या माघात एक फ्रेंच बाई मोटारीतून आली. आपल्याही गावी एवढीच घरे आणि असाच आड आहे म्हणाली, टोपी काढली, काठाच्या दगडावरल्या खाचांवरून बोटे फिरवली आणि चक्क रडली. दुसऱ्या दिवशी गावात वारसा संरक्षण मंडळ निघाले. अध्यक्ष राधाकृष्ण पाटील. चिटणीस अस्मादिक, कारण लिहिता येते. मंडळाच्या पाहणीत एकूण खाचा एकोणीस आढळल्या, पैकी फ्रेंच नक्षीकाम एकोणीस. (मोजणी दोनदा केली.) नक्षी झिजू नये म्हणून आडात दोर सोडण्यास मनाई झाली आणि भोवती बाभळीचे कुंपण पडले.

ख्रिस्ती आळीतल्या शलमोन मास्तरांची विधवा मरियाबाई चावडीखाली येऊन उभी राहिली. तिचा गुडघा गेलेला, आणि आता पाणी दीड मैलावरच्या झिऱ्याचे.

"पाटील, त्या खाचा माज्या सासूच्या दोरानं पडल्यात," ती म्हणाली. "कडच्या चार माज्या हायेत."

मंडळाने हा दावा सहानुभूतीपूर्वक नोंदवला आणि फेटाळला.

पावसाळ्यानंतर भलतेच झाले. खाचांत शेवाळ धरले, नक्षी दिसेना. त्यातच फ्रेंच बाईचे पत्र आले की माघात पुन्हा येते. पाटलांचे धाबे दणाणले. अखेर सर्वानुमते ठरले, की मरियाबाईस मानद दोरवाली नेमावे. तिने रोज पन्नास पोहरे ओढून खाचा लखलखीत राखाव्यात. परंतु पाणी हाही वारसाच असल्याने ओढलेला पोहरा जागच्या जागी परत ओतावा.

"अन् प्यायचं?" मरियाबाईने विचारले.

"वारसा पीत न्हाईत, मरे," पाटील समजुतीने म्हणाले.

तेव्हापासून मरियाबाई रोज सकाळी पन्नास पोहरे ओढते, पन्नास ओतते, आणि मग घागर घेऊन झिऱ्याची वाट धरते. मला याची लाज वाटते. पण इतिवृत्तात लाजेला रकाना नाही, आणि मुखत्यारी पाटलांची.

आपण आड पाहायला अवश्य यावे. सडकेपासून दोन मैल पायी आहे, ऊनही मरणाचे. मरियाबाई खाचा दाखवते आणि मग आपल्या घरचा, झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे करते. आजवर एकशे चौदा पाहुणे येऊन गेले. सगळे शिकलेसवरले, सुधारक मताचे. तिची जात एकानेही विचारली नाही. फक्त एकशे तेरा जणांना तहान नव्हती. (प्याली ती फ्रेंच बाई.)

एकशे पंधरावे आपण. तांब्या घासून ठेवला आहे.