तायडे भाऊजींचं लँडिंग

गाडी थांबवायची तर माणूस ब्रेक दाबतो. आमच्या शेजारचे तायडे भाऊजी रेस देतात. फाटकापाशी आले की त्यांची स्कूटर अशी बोंबलते की काय सांगू बाप्पा! आणि मग आमच्या कुंपणाची भिंत पडते. यंदा तीनदा पडली.

"काहून करता हो असं?"

"सवय हाये, वयनी. जहाजावर विमान टेकवतानी फुल रेसच द्या लागते. विमानाच्या शेपटीच्या हुकाले डेकवर ताणलेला दोर नाही सापडला, तं पुन्हा उडाले जमलं पायजे ना!"

भाऊजी नौदलात वैमानिक होते. निवृत्त होऊन अकोल्याला आले. इथे समुद्रच नाही, त्यामुळे यांनी काहीही सांगावं, खोडून काढणार कोण?

त्यांची ती गोष्ट मला पाठ आहे. समुद्र खवळलेला, हूक दोरात अडकलाच नाही, विमान जहाजावरून सुटून थेट पाण्याकडे. कसंबसं वर घेतलं. इंधन एकाच फेरीपुरतं. दुसऱ्या खेपेला हूक अडकला, भाऊजी वाचले. हे ते कटिंगच्या दुकानात सांगतात, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला अडवून सांगतात. पूर्वी गोष्टीतली लाट चाकाला लागायची. आता पंखावरून जाते.

तिसऱ्यांदा भिंत पडली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सरळ त्यांच्या मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, रविवारी येतो. गाडी विकतो आणि बाबांना इकडेच आणतो."

भाऊजी मुलापुढे फोनवरच हटून बसले. "अकोला नाही सोडत मी! तुह्यासमोर गाडी नीट आत आणून दाखवतो. आपटली, तं भरतो बॅग."

रविवारी मुलगा हाताची घडी घालून ओट्यावर उभा. कोपऱ्यावरून भाऊजी आले आणि फाटकासमोरून तसेच पुढे निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही तेच.

"बघा काकू," मुलगा म्हणाला.

मी तरातरा कोपऱ्यावर गेले आणि त्यांना थांबवलं. "काय लावलं हे, भाऊजी?"

ते हँडल धरून बसून राहिले. "वयनी, खरं सांगू? त्या दिवशी मी नाही वाचवलं विमान. माहा तं धीरच सुटला होता. जहाजाच्या डेकवर एक माणूस उभा रायते, रेडिओवरून आपल्या कानात बोलत रायते. 'ये, बरोबर येऊन राहिला.' तो बोलत रायला म्हणून उतरलो. घरी ते काम कुसुम करे. गाडीचा आवाज आला का फाटकात येऊन उभी राहे. 'या, या, बरोबर हाये.' आता फाटकात कोणीच नसते."

भाऊजींच्या बायकोला, कुसुमताईंना, जाऊन वर्ष होत आलं. त्या होत्या तोवर भिंतीला साधा ओरखडा नव्हता. आणि मी बाई, शेजारी राहून एक शब्द न विचारता पुण्याला फोन लावून मोकळी झाले होते! मला स्वतःची भारी लाज वाटली.

मी फाटकात जाऊन उभी राहिले. जोरात ओरडले, "या भाऊजी! या! बरोबर येऊन राहिले!"

स्कूटर बोंबलत आली, आत शिरली आणि जागेवर थांबली.

मुलाने बॅगेचं नाव काढलं नाही. जवळ जाऊन म्हणाला, "बाबा, हेल्मेट काढा ना आता."

"थांब जरा," हेल्मेटच्या आतून आवाज आला.