लंडनचा उपास

ही गोष्ट एकोणीसशे चौसष्टची, पौषातली. वरवट बकालच्या उकंडरावांचा मुलगा निवृत्ती गिरणीकामाचं शिक्षण घ्यायला विमानानं लंडनला निघाला आणि त्याच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, देवासमोर बोलून टाकलं, "पोरगं आभाळात हाये तोवर आमी दोघंही तोंडात काही घेनार नाही."

"दोघं?" उकंडराव दचकले. "मले इचारलं काय?"

"बाप नाही काय तुमी?"

उकंडरावांना तासातासाला काहीतरी चघळायला लागे. लंडन किती लांब, याची आता त्यांच्याइतकी काळजी जिल्ह्यात कुणालाच नव्हती. ते थेट शाळेत वाहेद मास्तरांकडे गेले. मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणला, मग पृथ्वीच्या गोलावर ताणला.

"साडेचार हजार मैल. गोलावर जरा कमीच भरते."

"मंग गोलावरूनच जाऊ द्या त्याले!"

निवृत्तीच्या पत्रात वेळ होती : सोमवारी पहाटे चारला मुंबई सोडायची, दुपारी एकला लंडन. म्हणजे नऊ तास. सोमवारी उकंडराव बारालाच पाटावर येऊन बसले. एक वाजला, त्यांनी घास उचलला, आणि दारात मास्तर!

"थांबा काका! लंडनात आता सकाळचे साडेसात वाजून राह्यले. त्यायचं घड्याळ साडेपाच तास मागं असते."

"काऊन मागं? दुरुस्त कराले कोनी नाही काय तिथं?"

"सूर्यच उशिरा जाते तिकडं. निवृत्ती आपल्या घड्याळानं संध्याकाळी साडेसहाले उतरन."

सत्यभामाबाईंनी ताट उचललं.

"मास्तर, हे तुमाले साडेसहाले नसतं आठवलं काय?" उकंडराव बायकोकडे वळले. "अवं, मधात कैरोले उतरते म्हनते विमान. तेवढ्यात एक भाकर..."

"उतरलं म्हनजे पोचलं काय?"

साडेसहाला उपास सुटला. मंगळवारी आनंदानं रोडग्यांचं, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण झालं. उकंडराव सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंगतीतून उठलेच नाहीत. बुधवारी तार आली, 'पोचलो'. आणि गुरुवारी मुंबईहून टाकलेलं निवृत्तीचं कार्ड : 'आज सोमवार. विमान बिघडलं. कंपनीनं मोठ्या हॉटेलात ठेवलं आहे, दिवसभर खातो आहे. उद्या पहाटे निघेन.'

"म्हनजे थो तिकडं गिळत होता, अन् मी इकडं..."

सत्यभामाबाई मात्र विचारात पडल्या. "आपन उपाशी बसलो तं विमान उठलंच नाही. रोडगे खाल्ले तवा गेलं. अवो, तुमच्या खान्यावर उडते ते!"

लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचं देवधर्माचं म्हणणं उकंडरावांना मनापासून पटलं.

दोन वर्षांनी निवृत्ती परत निघाला. पत्रात लंडन सोडायची वेळ रात्री साडेदहा, मुंबई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहा. सत्यभामाबाईंनी बोटांवर वीस तास मोजले.

"मास्तर म्हनते, येतानी साडेपाच तास कमी होते," उकंडराव म्हणाले.

"जातानी वाढले अन् येतानी कमी? बसा पाटावर!"

भाकरी, वरण, शिरा, भजी. उकंडराव जरा थांबले की बाई ओरडत, "हात थांबवू नका! खाली समुद्र असन!" बाराव्या तासाला जिलबी आली तेव्हा त्यांनी हात जोडले. "सत्यभामे, त्याले तार कर. बोटीनं ये म्हना."

निवृत्ती सुखरूप आला, खामगावच्या गिरणीत लागला आणि जन्मभर एस.टी.नं फिरला. वाहेद मास्तर बढतीवर मेहकरला गेले. सूर्य उशिरा का जातो, हे त्यांनी पुन्हा वर्गाबाहेर कुणाला सांगितलं नाही. सत्यभामाबाई ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या, विमान उडवायचं खरं गुपित आपल्यालाच ठाऊक आहे या समाधानात. उकंडराव त्यांच्यामागे चार वर्षं होते. डोक्यावरून विमान गेलं की ते धोतराची गाठ सैल करत आणि सुनेला घाबऱ्या घाबऱ्या विचारत, "त्यात आपलं कोनी नाही ना व?"