गावंडे भाऊंचा पक्का रंग

गावंडे भाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात. प्यायला नाही, बालदीभर. मग सदऱ्याच्या खिशातून वीतभर सुती चिंधी निघते, तिच्यावर निळ्या अक्षरात काहीबाही छापलेलं असतं, आणि हा साठीचा माणूस तुमच्या मोरीत उकिडवा बसून ती चिंधी तुमच्याच साबणानं घासायला लागतो. तुम्ही चिवड्याची बशी हातात धरून दारात उभे. पाणी निळं झालं की भाऊ म्हणतात, "कच्चं आहे," आणि चिवडा न खाता चालते होतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंना वाटलं, नगर निगमचा माणूस पाणी तपासायला आला. त्यांनी नळाच्या दोन तक्रारीही सांगून घेतल्या.

रिछाईच्या कारखान्यांच्या भागात आमची एक पत्र्याची शेड आहे, तिथं कपड्यावर छपाई होते. मी कॉम्प्युटरवर बसते, भाऊ गरम प्रेसवर उभे राहतात. बारा वर्षं झाली. ह्या बारा वर्षांत मी त्यांना किती वेळा फाडफाड बोलली असेल, त्याचा हिशोब नाही. ते ऐकून घेतात आणि प्रेसचे सेकंद मोजत राहतात. मशीनला घंटी आहे, पण भाऊंचा घंटीवर विश्वास नाही. तोंडानं मोजतात, मोठ्यानं. मध्येच कोणी "भाऊ, फोन," म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू. अशा मोजणीपायी एका क्रिकेट टीमच्या अकरा जर्स्या करपल्या. टीमनं तशाच घातल्या, वरून हरलीसुद्धा.

आमच्या शाईचा स्वभाव आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. ती कागदावर छापली की मळकट दिसते, जणू कोणी राखेनं चित्र काढलं. मग तो कागद कपड्यावर उलटा ठेवायचा आणि वरून तापलेली प्लेट दाबायची. ताव लागला की रंग जागा होतो आणि कपड्यात उतरतो. पण हे सगळं पॉलिस्टरवर. सुती कपड्यावर ही शाई बसत नाही. त्याकरता निराळी शाई येते, सोड्याचं पाणी शिंपडलेल्या कापडावर तिला ताव दिला की ती धाग्यालाच धरून बसते, म्हणे. आमच्या मालकांनी, सेठजींनी, हौसेनं तिच्या चार बाटल्या मागवल्या. सोबत एक माहितीचं पत्रक होतं, त्यात पहिल्याच दिवशी कोणीतरी समोसे बांधून नेले. तेव्हापासून आम्ही अंदाजानं काम करून राहिलो आणि रंग पहिल्या धुण्यातच निघून राहिला.

दोन बाटल्या वाया गेल्यावर सेठजी कंटाळले. "गावंडे जी, ये कॉटन वाला चक्कर छोड़िए," असं ते रोज सकाळी म्हणायचे. भाऊ रोज "जी" म्हणायचे आणि दुपारच्या सुट्टीत तेच करत बसायचे. बड्या फुहाऱ्याच्या कापडबाजारात जाऊन नव्या नव्या सुती कापडाचे तुकडे आणायचे. दुकानात उभं राहून बोट ओलं करून थान घासून पाहायचे, म्हणून तिथले दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की चांगला माल आत सरकवायला लागले. प्रत्येक घरचं पाणी वेगळं, साबण वेगळा, म्हणून मोरी बदलून पाहायची, हेही त्यांचंच डोकं. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रंग चांगला आहे, धुऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही." वरमाय तिथंच उभी होती. मी भाऊंना कोपरानं ढोसलं, तर त्यांना वाटलं मी जागा मागून राहिली, ते बाजूला सरकले.

शेवटी एक दिवस माझा पारा चढला. मी म्हटलं, भाऊ, जगात इतका पॉलिस्टर पडलाय, काहून ह्या सुतीच्या मागे जीव देऊन राहिले तुम्ही? तेव्हा त्यांनी सांगितलं. माझी मान आपोआप खाली गेली.

त्यांची बायको, कुसुमवहिनी, माणसं विसरायला लागली होती. आधी शेजारी, मग नागपूरची बहीण, मग पोटचा मुलगा. तो पुण्याला असतो, फोनवर "आई" म्हणतो, आणि वहिनी भाऊंना म्हणतात, कोणाचा तरी पोरगा आहे बिचारा, आई शोधून राहिला. आणि आता भाऊ. संध्याकाळी घरी गेले की दार उघडून विचारायच्या, कोण पाहिजे? रोज. लग्नाला छत्तीस वर्षं झालेला माणूस रोज दारात उभा राहून आपली ओळख पटवून राहिला. पण चेहरा विसरल्या तरी वाचणं गेलं नव्हतं. साबणाचा कागद, दुकानाची पाटी, औषधाची बाटली, दिसेल ते मोठ्यानं वाचायच्या आणि वाचलेलं खरं मानायच्या. म्हणून भाऊंनी ठरवलं की आपल्या छातीवर आपलं नाव पाहिजे. सदा, न पुसणारं.

पहिली जर्सी मीच छापून दिली होती, मला काय माहीत कशाकरता. ते म्हणाले, लिहा, श्री. प्रभाकर मारोतराव गावंडे, रिछाई. मी म्हटलं, हे काय पार्सल आहे काय? मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "असं करा. मी प्रभाकर. तुझा नवरा." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. मला वाटलं लग्नाचा वाढदिवस असेल, आणि मी चांगली हसली. आता ते हसू आठवलं की माझा मलाच राग येतो.

ती जर्सी पॉलिस्टरची होती. वहिनींनी बोटांनी चाचपली, हे आमच्या घरचं नाही, आमच्याकडे सुतीच असते म्हणाल्या, आणि भांडेवालीला देऊन एक वाटी घेतली. पुढे महिनाभर ओमती मोहल्ल्यात एक भाजीवाला छातीवर "मी प्रभाकर, तुझा नवरा" घालून हिंडत होता. आमच्या कॉलनीतल्या बायका त्याच्याकडून भाजी घ्यायला लाजायच्या. भाऊंनी मात्र त्याच्याकडून रोज मेथी घेतली, रंग कसा टिकून राहिला ते पाहायला.

मग सुती सदऱ्यावर नाव दोऱ्यानं भरून घेतलं. वहिनींनी दुपारभर बसून एकेक टाका उसवला. पिन लावली तर टोचली. रबरी छाप मारला तर नखानं खरवडून काढला. आणि त्यांना दुसरा नाद लागला होता धुण्याचा. दिवसातून तीनदा, चारदा, हाताला लागेल ते धुवायच्या. घरात सुती कपडा कोरडा म्हणून राहायचा नाही. तेव्हा नाव पाहिजे सुतीवर, आणि ते दिवसातून चारदा धुतलं तरी हलायला नको. आणि हे सगळं वहिनींना वाचता येते तोवर. आधी त्या सगळं वर्तमानपत्र वाचायच्या, आता फक्त मोठे मथळे, तेही अडखळत. भाऊ मला म्हणाले, "बाई, माझ्यापाशी वेळ नाही जी." त्यानंतर मी त्यांना बोलणं सोडलं. दुपारच्या सुट्टीत मीही डबा बाजूला ठेवून त्यांच्यासोबत चिंध्या कापायला लागली.

तरी रंग काही बसेना. ताव वाढवला, कमी केला. सोडा वाढवला. नळाचं, बोरिंगचं, सगळं पाणी झालं. माझ्या हातानं मी त्यांच्या सहा सदऱ्यांवर ते नाव छापलं, आणि सहाही दुसऱ्या दिवशी पांढरे होऊन आले. भाऊ रोज एक कोरा सदरा माझ्यापुढे ठेवायचे. चौथी बाटली तळाला आली. सेठजींनी सांगून टाकलं, आता ही शाई पुन्हा येणार नाही. मला तर वाटलं, संपलं. हा माणूस असाच दारात उभा राहून मरेल.

आणि मग ती चूक सापडली, तीही माझ्या हाताला. सातवा सदरा मी प्रेसवर पसरत होती, कॉलर बोटाला लागली, पापडासारखी कडक. मी विचारलं, ह्याला कांजी कोण करते? भाऊ म्हणाले, मीच. आधी वहिनी करायच्या. रविवारी भाताची पेज काढून, गाळून, आठवड्याचे सदरे कांजीत बुडवून वाळवायचे, हा छत्तीस वर्षांचा नेम. त्या विसरल्या, तर भाऊंनी आपल्या हातानं सुरू केलं. मऊ सदरा घालून फॅक्टरीत गेलो तर लोक म्हणतील, ह्याला घरी पाहणारं कोणी नाही.

मी डोक्याला हात लावला. शाई बसत होती बाप्पा, चांगली बसत होती, पण कांजीवर. धाग्यापर्यंत पोचतच नव्हती. कांजी धुतली की शाई तिच्यासोबत चालली मोरीत. बड्या फुहाऱ्यावरून आणलेल्या नव्या कापडाचं तेच, त्याला गिरणीची खळ. दोन वर्षं आम्ही खळीवर छपाई करून राहिलो होतो. ज्या घरी कांजी करत असतील त्याच घरी ही चूक होणार. पत्रकात हे नक्की लिहिलं असेल, पण ते समोशासोबत गेलं. मी हे सांगितलं तेव्हा भाऊ स्टुलावर बसले आणि किती तरी वेळ त्या कॉलरीवरून हात फिरवत राहिले. "म्हणजे तिनं नाही धुतलं. मीच पुसून राहिलो होतो," म्हणाले.

उरलेल्या शाईत एकच सदरा होणार होता. भाऊंनी वहिनींच्या हातानं धुऊन धुऊन मऊ झालेला, घरातला सगळ्यात जुना सदरा आणला. मी अक्षरं मोठी केली. प्रेस खाली आली तेव्हा भाऊंनी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले, तर पुढचं मी मोजलं. मग आम्ही शेडच्या नळाखाली तो सदरा सहा वेळा धुतला. पाणी पांढरंच राहिलं. कच्चं की पक्कं, ते भाऊंनी सांगितलंच नाही. सदरा पिळून पिशवीत घातला आणि मला म्हणाले, रविवारी या, तुम्ही असाल तर मला धीर राहील.

रविवारी दहा वाजता मी गेली. भाऊ आतून तो सदरा घालून आले, केस ओले करून भांग पाडला होता, लग्नाला उभं राहिल्यासारखे वहिनींच्या पुढे येऊन उभे राहिले. वहिनी दिवाणावर बसून टॉवेलची घडी करत होत्या. त्यांनी वर पाहिलं. बोट पुढे करून, एकेक अक्षर दाबत, वाचलं. "मी प्रभाकर. तुझा नवरा."

त्यांचा चेहरा उजळला, मी डोळ्यांनी पाहिला. मग त्यांनी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा छातीकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी पडली.

"हा आमच्या ह्यांचा सदरा आहे. नाव आहे त्यावर. तुम्ही काहून घातला?"

मला बोलायचं होतं, पण भाऊंनी हातानं मला थांबवलं. वहिनी म्हणाल्या, काढा तो, ते आले की काय घालतील? भाऊंनी बटणं सोडली, सदरा काढून त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो मांडीवर पसरला, नावावरून तळवा फिरवला, घडी केली आणि उशाशी ठेवला. भाऊ बनियनवर उभे होते.

"केव्हा येतात ते?" भाऊंनी विचारलं.

"सहाला सुटते फॅक्टरी."

"मी थांबू का तोवर?"

वहिनींनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. माणूस बरा वाटला असावा. दिवाणापासची खुर्ची पदरानं पुसून पुढे केली.

"बसा. पण चहा मी ते आल्यावरच करीन."

"चालते," म्हणून भाऊ बसले.