तीन तोंडांचा नियम

दूध आणि बातमी, दोन्ही तापवल्याशिवाय पोटात घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरी दूध माझी बायको प्रेमिला तापवायची आणि बातमी मी. दूध आजवर एकदाच उतू गेलं.

घरी दोन पेपर यायचे. दोन्हींत तीच बातमी असली तर निम्मी खरी, संध्याकाळी रेडिओनं सांगितली की पुरी खरी. तोंडी बातमी असेल तर तीन वेगळ्या तोंडांतून आल्याशिवाय मानायची नाही! गेल्या साली अवकाशात फिरणारं यंत्र डोक्यावर पडणार म्हणून नागपूरची अख्खी धरमपेठ दारं लावून बसली, तेव्हा मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो होतो. यंत्र पडलं नाही. पाऊस पडला.

अशा माणसाच्या शेजारच्या टेबलावर नशिबानं आनंदराव बसवले होते. कुठल्याही अफवेनं आधी त्यांच्या कानात मुक्काम करायचा आणि मग गावात जायचं!

एका सकाळी ते माझ्याकडे वळले. "आयकलं का गा? आपल्यातल्या एकाची सिरोंच्याले बदली होऊन राहिली!"

ऑफिसचे पंखे फिरायचे थांबल्यासारखे वाटले. सिरोंचा म्हणजे चांद्याच्याही पार पलीकडे, जिथं महाराष्ट्र दमून संपतो. मी वीस वर्षं नागपूर सोडलं नव्हतं. खिडकी कापून कूलर तर आत्ताच बसवला होता!

"कोणाची बदली?"

"थे नाही मालूम."

"मग तपासा की! उगाच भीती काय पसरवता?"

ते हलेनात. शेवटी मीच उठलो.

बदल्या बघणाऱ्या आस्थापना शाखेत बाबाराव होते. "बाबाराव, सिरोंच्याचं काय?"

"काही नाही. काहून? तुमची इच्छा हाये का?"

"इच्छेचा प्रश्न नाही. मला पक्कं कळलं पाहिजे."

"असं!" म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे नव्यानं पाहिलं.

टायपिस्ट इंदूबाईंना विचारलं, "सिरोंच्याची ऑर्डर टाइप केलीत?"

"नाही जी. तुम्हाले घाई हाये का?"

"आज कळलं तर बरं."

दुपारी कँटीनचा ओमप्रकाश म्हणाला, "बाबूजी, सिरोंच्याचं पक्कं हो गया बोलते." एक तोंड!

मग हिशेबातले रुपराव भेटले. "पक्कं हाये. जानारा सोताच टेबलाटेबलावर विचारत फिरून राहिला म्हने!"

"कोण हो हा मूर्ख?" मी म्हणालो. दुसरं तोंड!

तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं.

"वा, रवींद्रबाबू! सिरोंच्याची जागा दोन वर्षं रिकामी आहे. मी तर विसरूनच गेलो होतो! तुम्ही चौकशी करून आठवण करून दिलीत!"

"साहेब, मी फक्त खरं-खोटं करत..."

"खरंच! ही बघा ऑर्डरवर सही!"

तिसरं तोंड. आणि तेही सहीसकट!

बाहेर आलो तर आनंदराव वाटच पाहत होते. "खोटी निंघाली न गा?"

मी छाती फुगवली. "आनंदराव, बातमी शंभर टक्के खरी! तीन तोंडं झाली! बातमी तपासायची ती अशी!"

त्यांनी हात जोडले. त्यांची बातमी खरी ठरण्याची ती जन्मातली पहिलीच वेळ होती. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या, गळ्यात हार पडला, ओमप्रकाशनं समोसे आणले. एवढा मान मला वीस वर्षांत मिळाला नव्हता!

हार घालूनच घरी गेलो आणि सगळं सविस्तर सांगितलं. प्रेमिला ऐकता ऐकता शेगडीवरच्या दुधाकडे बघायला विसरली.

"घर मी सोडणार नाही जी," एवढंच ती म्हणाली.

त्यामुळे कूलर आणि प्रेमिला नागपुरात आहेत. माझा नियम अजून कायम आहे.

सिरोंच्यात पेपर चौथ्या दिवशी येतो. एकच येतो.